मुकादमच्या खेळण्यांची तपासणी

४ फेब्रुवारी

सून कालपासून कामावर रुजू झाली. नकाशे काढणाऱ्या कचेरीत आहे. सकाळी साडेआठला जाते, सहाला येते. मुलगा परगावी असतो, शनिवारी येतो आणि रविवारी झोपतो. नात सात महिन्यांची. ती माझ्या ताब्यात.

करार असा आहे. तीन महिने बाळ माझ्याकडे. सुनेच्या कचेरीसमोर पाळणाघर आहे, तिथे मेच्या पहिल्या आठवड्यापासून जागा राखून ठेवली आहे. माझं नीट चाललं तर ती जागा रद्द करायची. "आई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही दमाल," असं सून म्हणाली. मी दमत नाही. वजनकाट्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात उभ्याने काढली. माझ्या सहीने बाहेर पडलेला एकही काटा परत आला नाही.

ह्यांनी नातीचं नाव मुकादम ठेवलं आहे. एका जागी बसून नुसत्या ओरडण्यावर सगळ्या घराला कामाला लावते म्हणून. नाव योग्य आहे.

७ फेब्रुवारी

आप्तेष्टांनी बारशापासून आतापर्यंत चौदा खेळणी दिली. आज सगळी जमिनीवर मांडून तपासली. पद्धत ठरलेली: कमरेइतक्या उंचीवरून दहा वेळा टाकायचं. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासायचं, रंग निघाला तर बाद. टिशू पेपर संपल्यावर उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते घशातही जातं, ते बाद. शेवटी शिवण ओढून पाहायची.

कारखान्यातल्या रंगीत चिकटचिठ्ठ्यांची रिळं माझ्याकडे आहेत. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, पिवळी म्हणजे दुरुस्तीला पाठवा. पिवळी मी नोकरीत फारशी वापरली नाही. वस्तू बरी असते किंवा नसते.

निकाल: चौदापैकी अकरा लाल. एक बॅटरीवरचा कुत्रा आहे. बटण दाबलं की भुंकतो, चालतो, डोळे मिचकावतो. म्हणजे कुत्रा खेळतो आणि मूल बघत बसतं. मुलाच्या हातांना काम काय? नापास.

"अगं, निदान कुत्र्याला त्याची बाजू तरी मांडू दे," हे म्हणाले.

मांडली. चार मिनिटं भुंकला. लाल चिठ्ठी कायम.

९ फेब्रुवारी

सकाळी उठले तर डावा हात बधिर. हातावर झोपले असणार. जेवणाच्या वेळेपर्यंत बराचसा सुटला. डॉक्टरांना दाखवू म्हणून ह्यांनी धोशा लावला. हाताला मुंग्या आल्या म्हणून डॉक्टर गाठायचा, तर माणसाने घर दवाखान्यातच बांधावं. तसं सांगितलं.

१२ फेब्रुवारी

हे डॉक्टरांकडे जाऊन आले. ह्यांचा रक्तदाब उत्तम निघाला. मग गेले कशाला, ते सांगत नाहीत.

१५ फेब्रुवारी

खेळण्यांच्या दुकानात गेले. दुकानदार गोड बोलणारा. म्हणाला, "आजी, हे घ्या, यानं बुद्धी वाढते."

"कोणाची?" मी विचारलं.

त्याने दुसरं खेळणं काढलं. मी त्याला सांगितलं, की मला बुद्धी नको, हात हवे आहेत. सातव्या महिन्यात मुलाने वस्तू धरायची, एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायची. नवव्या-दहाव्यात अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत बारीक वस्तू उचलायची. प्रत्येक कामासाठी निराळं खेळणं लागतं, आणि प्रत्येक खेळण्याला एकच काम असावं. सर्व कामं करणारं खेळणं एकही काम करत नाही. माणसांचंही असंच असतं, पण ते त्याला सांगितलं नाही.

घेतलं ते असं: दांडीवर चढवायच्या लाकडी रिंगा. एकात एक बसणारे सहा पेले. बोटं अडकवता येतील अशा खाचांचा कापडी चेंडू. रबरी दाबायचा चेंडू दुकानदाराने फुकट टाकला. तो घरी येऊन तपासला. आकार नाही, आवाज नाही, काम नाही. नुसता दाबायचा. लाल.

पिशवीचा बंद निकृष्ट आहे. डाव्या हातातून दोनदा सुटली.

१८ फेब्रुवारी

आजपासून नोंदतक्ता सुरू. दिवाणखान्यात भिंतीशी चटई, मुकादम तिच्यावर बसणार, मी समोर. खेळणं द्यायचं आणि लिहायचं: कोणतं खेळणं, उजवा हात, डावा हात, दोन्ही, किती सेकंद. मुकादम अजून एक हात टेकून बसते, दुसरा हात मोकळा. डाव्या हाताने खाचांचा चेंडू चाळीस सेकंद धरला. मग माझ्याकडे बघून फेकला. फेक सरळ होती.

२३ फेब्रुवारी

झाकणं फार घट्ट बसवतात हल्ली. मुकादमच्या भाताच्या पिठाचा डबा गुडघ्यांत धरून उघडावा लागला. कंपनीला पत्र लिहिलं. दाराची चौकटही सुताराने अर्धा इंच आत घेतली आहे. डावा खांदा दर वेळी आपटतो. सुताराला पत्र लिहून उपयोग नाही, तो वारला.

२७ फेब्रुवारी

दोन दिवसांत तिसरा कप फुटला. कान नीट चिकटवत नाहीत. त्याही कंपनीला पत्र लिहिलं. ह्यांनी न विचारता स्टीलचे पेले काढून ठेवले आणि म्हणाले, "मला चहा यातच आवडतो." चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

२ मार्च

मुकादमला उचलायचं काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. चटईवर ठेवायचं, उचलायचं, अंघोळीला न्यायचं, सगळं हेच. अंघोळ मी घालते तेव्हा टबाशी स्टूल घेऊन बसतात.

"तुम्हाला दुसरं काम नाही का?"

"नाही. रिटायर आहे."

आजोबांची हौस म्हणून सोडून दिलं. माझ्यासाठी मागे पट्टा असलेल्या सपाताही आणल्यात. मी मागितल्या नव्हत्या. पण जुन्या जोडातली डावी सारखी निसटून मागे राहायची, तेव्हा बऱ्या आहेत.

९ मार्च

पेल्यांचा खेळ चांगला लागू पडला. मी सगळ्यात लहान पेला मोठ्यात टाकते, मुकादम काढते. दिवसात साठ-सत्तर वेळा. कारखान्यात याला टिकाऊपणाची चाचणी म्हणत. पेला टिकला. मी टिकले. पाळणाघराची गरज काय आहे?

पाळणाघर मी परवा बाहेरून पाहून आले. स्वच्छ आहे. अठरा मुलं, चार बाया. काचेतून एक बाई दिसली, एका मुलाच्या तोंडात घास आणि स्वतःची नजर दुसऱ्या मुलावर. वाईट बाई नव्हती. पण मुकादमकडे नजर ठेवायला पूर्ण माणूस लागतो.

१९ मार्च

संध्याकाळी सुनेने तक्ता चाळला. म्हणाली, "आई, आमच्या कचेरीत एवढ्या काटेकोर नोंदी कोणी ठेवत नाही." मी म्हटलं, म्हणूनच रस्ते नदीत जातात. हसली. मग म्हणाली, "ही डावखुरी होणार वाटतं. माझी आत्या होती."

असेल. रांगायलाही लागेल आता. ह्यांनी टेबलाच्या कोपऱ्यांना जुने मोजे बांधले आहेत. टेबल आजारी दिसतं.

२८ मार्च

नव्या मुली तपासणीला आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना एक गोष्ट शिकवायचे. एक काटा चुकला तर काटा दुरुस्तीला. पण ओळीने दहा काटे एकाच बाजूला, सारखेच चुकले, तर काटे सोडा. आधी आपल्या हातातलं वजन तपासा. वजनालाच टवका उडालेला असतो. बहुतेक मुलींना हे पटायला एक वर्ष लागे. हातातली वस्तू माणूस सगळ्यात शेवटी तपासतो.

हे आज का आठवलं कोण जाणे. पेला हातातून पडला आणि मुकादम हसली, तेव्हा आठवलं.

२ एप्रिल

महिनाअखेरची बेरीज केली. सहा खेळणी, दोनशे सहा नोंदी. डावा हात: एकशे एक्याऐंशी. दोन्ही: चौदा. उजवा: अकरा.

ग्रंथालयात जाऊन बालविकासाचं पुस्तक काढलं. त्यात सरळ लिहिलं आहे. वर्षाच्या आतलं मूल डावखुरंही नसतं आणि उजवंही नसतं. त्याने दोन्ही हात वापरायला हवेत. एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हातात, किंवा डोक्यात, काही बिघाड आहे का ते लगेच पाहावं.

"लगेच" हा शब्द पुस्तकात जाड अक्षरात आहे.

३ एप्रिल

सुनेला सांगितलं नाही.

४ एप्रिल

सांगितलं नाही. तिच्या उजवीकडून खेळणं देऊन पाहिलं. मला वळून बसावं लागलं, चेंडू हातातून गेला, मुकादम रडली. चाचणी बाद धरली.

५ एप्रिल

शनिवार. मुलगा आला होता, झोपला. सांगितलं नाही.

कारण इथे लिहून ठेवते, नाहीतर ही वही खोटी ठरेल. सांगितलं, तर सून म्हणेल की दीड महिना आई रोज समोर बसून लिहीत होत्या आणि त्यांना दिसलं नाही. ते खरंच आहे. पाळणाघराची जागा पक्की होईल. सकाळी साडेआठनंतर या घरात मी आणि मोजे बांधलेलं टेबल राहील.

एकदा साहेबांनी मला एका खोक्यावर सही करायला सांगितलं होतं. सण जवळ आला आहे, गिऱ्हाईक थांबलं आहे, फरक अगदी थोडा आहे. मी सही केली नाही. तेव्हा मला दोन वर्षं बढती मिळाली नाही. तेव्हा सोपं होतं. बढतीला गालावर खळी पडत नव्हती.

६ एप्रिल

सकाळी सून उठायच्या आत तक्ता तिच्या ताटाशेजारी ठेवला. उजव्या हाताच्या रकान्याभोवती तांबडी रेघ ओढली. पुस्तकाचं पान उघडून वर ठेवलं.

सुनेने वाचलं. दोनदा वाचलं. रंग उतरला. "कधीपासून?"

"बेरीज दोन तारखेला केली. आज सहा आहे. चार दिवस मी गप्प राहिले. तेही लिहून ठेवलं आहे."

तिने मुकादमला उचलून घट्ट धरलं. मुकादमने डाव्या हाताने तिची बट ओढली. सून रडायला लागली, तशी मुकादमही. हे आत येऊन सुनेच्या आणि माझ्या मधे उभे राहिले आणि बघत मात्र माझ्याकडे होते.

९ एप्रिल

बालरोगतज्ज्ञांनी तपासलं आणि मुलांना व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे पाठवलं. मुलगी पंचविशीची, केस अंबाड्यात, हातात घड्याळ नाही. पुढचं सगळं क्रमाने लिहिते.

चटईवर मुकादमला बसवलं. थेरपिस्टने उजवीकडून रिंग दिली. मुकादमने उजव्या हाताने घेतली. डावीकडून दिली, डाव्याने घेतली. दोन्हीकडून दिल्या, दोन्ही घेतल्या आणि एकमेकींवर आपटल्या. हे सगळं एका मिनिटाच्या आत. दोन्ही हात ओढून, वाकवून पाहिले. "छान आहेत की दोन्ही," ती म्हणाली.

सून म्हणाली, "मग घरी का नाही घेत?"

"घरी दिवसभर कोण खेळतं हिच्याशी?"

मी हात वर केला. शाळेत असल्यासारखा.

"आजी, घरी कशा खेळता ते दाखवा ना. मी नाहीच असं समजा."

मी समोर बसले. खेळणी माझ्या उजव्या अंगाला घेतली. पेला दिला, मुकादमने डाव्या हाताने घेतला. रिंग दिली, डाव्याने घेतली. घरी हिच्या उजव्या अंगाला भिंत असते. तो हात टेकलेला. समोरून येणारं सगळं तिच्या डावीकडेच येतं. मला हे दिसत होतं, आणि कळत नव्हतं.

थेरपिस्ट आता मुकादमकडे बघतच नव्हती.

"आजी, आता चेंडू डाव्या हाताने द्या."

दिला. म्हणजे उचलला. तो पडला. "चेंडू गुळगुळीत आहे," मी म्हटलं.

चेंडू कापडी होता.

"पुन्हा?" ती म्हणाली. पुन्हा पडला. मग तिने माझे दोन्ही हात पुढे धरायला लावले, तळवे वर, डोळे मिटून. डोळे उघडले तेव्हा डावा हात चार बोटं खाली आलेला होता. मला वाटलं होतं, दोन्ही बरोबरीने आहेत. शपथेवर सांगितलं असतं.

"हात कधीपासून असा आहे?"

मी म्हटलं, "कसा?"

त्याच वेळी मागून हे म्हणाले, "नऊ फेब्रुवारी. सकाळपासून."

मुकादमने रिंगा पुन्हा एकमेकींवर आपटल्या.

दोनशे सहा नोंदी. सगळ्या एकाच बाजूला. आणि मी वजन तपासलं नाही.

थेरपिस्टने तिथूनच फोन लावला आणि आम्हाला घरी न जाता थेट मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

१३ एप्रिल

परवा घरी सोडलं. मेंदूला सौम्य झटका, दोन महिन्यांपूर्वीचा. रक्तदाब माझा आहे आणि भरपूर आहे. गोळ्या तीन, रोज. डॉक्टरांनी सांगितलं की पुढचा झटका सौम्य असेलच असं नाही, आणि पहिल्या दिवशीच यायला हवं होतं. मी म्हटलं, मान्य. ते पुढचं भाषण विसरले.

दवाखान्याच्या बाकावर ह्यांना विचारलं, "बारा फेब्रुवारीला तुम्ही डॉक्टरांकडे कशाला गेला होता?"

"तुझा नंबर लावला होता. तुला सांगायला आलो तर तू माझ्याकडे असं पाहिलंस, की नंबर वाया नको म्हणून मीच दाखवून आलो."

"एवढी घाबरता मला?"

"चाळीस वर्षं," हे म्हणाले. "पण त्या दिवसापासून तुझ्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीला जास्त घाबरत होतो."

घरी आल्यावर चहा पाजला त्यांना. स्टीलच्या पेल्यातला.

१४ एप्रिल

डब्याच्या कंपनीला दुसरं पत्र लिहिलं: झाकणाबाबतची तक्रार मागे घेत आहे. कपाच्या कंपनीलाही. सुताराची मनातल्या मनात माफी मागितली.

१८ एप्रिल

मोठ्यांच्या थेरपिस्टकडे आठवड्यातून तीनदा जायचं. त्याने घरी करायची कामं लिहून दिली. रिंगा दांडीवर चढवणे. पेले एकात एक ठेवणे. चिमटीने मटार उचलून वाटीत टाकणे. रबरी चेंडू दाबणे, दिवसातून शंभर वेळा.

"चेंडू विकत घ्यावा लागेल," तो म्हणाला.

म्हटलं, आहे. लाल चिठ्ठी काढून टाकली. नुसता दाबायचा हेच त्याचं काम आहे, हे दुकानदाराने सांगायला हवं होतं.

२७ एप्रिल

चटई भिंतीपासून हलवली. आता आम्ही दोघी शेजारी बसतो, आणि खेळणी मध्ये. रिंगा चढवण्यात मुकादम पुढे आहे. तिच्या चार, माझ्या डाव्या हाताच्या दोन. एक रिंग मी वीस मिनिटं लावत होते. लागत नव्हती. मुकादमने ती माझ्या हातातून घेतली, चाटली, आणि परत दिली. मदत म्हणून नोंदवली.

संध्याकाळी डावा हात मांडीवर ठेवून बसले होते. हात स्वतःचा वाटत नाही. कुणीतरी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा वाटतो. असं वाटणं नोंदीत घ्यावं की नाही, ठरत नव्हतं. घेतलं.

३ मे

मुदत संपली. सून माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. मी तिला आधीच म्हटलं, "मी नापास आहे. दीड महिना मूल बघितलं आणि हात नाही दिसला. तिचाही नाही, माझाही नाही. वर चार दिवस लपवलं. जागा पक्की कर."

"आई, मला बोलू द्याल?"

दिलं.

"ते चार दिवस मला लागलेत. खोटं नाही बोलणार. पण तो तक्ता तुम्ही ठेवला नसतात, आणि रेघ मारून माझ्या ताटाशेजारी ठेवला नसतात, तर आज तुम्ही कुठे असतात? पाळणाघर मी रद्द नाही केलेलं. ती सकाळी तिकडे, तुम्ही व्यायामाला. दुपारी एकपासून दोघी घरी. बाबा जवळ. उचलायचं बाबांनीच. गोळ्या चुकल्या तर करार रद्द."

"लेखी दे," मी म्हटलं.

तिने लेखी दिलं. अक्षर वाईट आहे, मजकूर स्पष्ट आहे. खाली तिची सही, माझी सही, साक्षीदार म्हणून ह्यांची. मुकादमने कागद चुरगाळला. दोन्ही हातांनी.

१९ मे

दुपारी दोन वाजता. डावा हात वापरायचं मी विसरते, म्हणून व्यायाम शिकवणाऱ्याने हाताला काहीतरी खूण लावायला सांगितलं होतं. सकाळी डाव्या बाहीवर पिवळी चिकटचिठ्ठी लावली. एकतीस वर्षांत इतक्या योग्य जागी लावलेली आठवत नाही.

चटईवर बसलो होतो. मुकादमने बाहीकडे पाहिलं. जरा वेळ विचार केला. मग उजवा हात पुढे केला, अंगठा आणि पहिलं बोट जुळवलं, आणि चिठ्ठीचा कोपरा धरून ती सोलून काढली. एका चिमटीत. पुस्तकात लिहिलंय तशी.

मी श्वास रोखून बघत राहिले आणि तिने ती तोंडात घातली.

माझ्या उजव्या हातात वही होती. वही टाकून द्यायला वेळ नव्हता. चिठ्ठी बाहेर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती मी कुठल्या हाताने काढली.

हे दारात उभे होते. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

नोंदी:

मुकादम, उजवा हात, अंगठा व तर्जनी. पास.

आजी, डावा हात, अंगठा व तर्जनी, ओली वस्तू. पास.

चिठ्ठी नळीच्या चाचणीत बाद. मुलाच्या हाताशी यायला नको होती. दोष तपासनिसाचा. चिठ्ठी ओली झाली, पण वाळवून परत बाहीवर लावली आहे, खांद्याजवळ, जरा वर. काम अजून बाकी आहे.